पाच घावांचं इंग्रजी

माझं इंग्रजी उखळाशेजारी झालं. जव्हार संस्थानात तेव्हा माणसं याहून कमी साधनांवर मोठी झाली आहेत, त्यामुळे विद्वानांनी हसू नये.

मी कचेरीत कारकून होतो. नव्या साहेबांना इंग्रजी पत्रं वाचून दाखवणारा माणूस हवा होता. परीक्षेत वाचता आलं तर जव्हारात कायम, नाही तर मोखाड्याला रवानगी. लग्नाला जेमतेम सहा महिने झालेले (बायकोला एवढ्यात तिकडे न्यायचं नाही, असं आईने आधीच ठरवलेलं!), त्यामुळे मोखाडा मला विलायतेपेक्षा लांब वाटू लागला.

छोटे शब्द मी धडाधड वाचायचो, लांब शब्द दिसला की थेट पुढच्या ओळीवर उडी. जुने मास्तर म्हणाले, शब्दाचे तुकडे करा आणि एकेक सुटा म्हणा. घरी आई आणि माझी बायको यमुना भात कांडत होत्या. म्हटलं, तुकड्याला एक घाव. सु-प-रिन-टेन-डन्ट, पाच घाव. शब्द आख्खा बाहेर पडला!

मग रोज संध्याकाळी शाळा भरू लागली. यमुनेला अक्षरओळख नव्हती, पण मी एखादा तुकडा गिळला की तिचं मुसळ हवेतच थांबायचं.

"अहो, काल या शब्दाला सहा घाव होते. आज एक कुठे गेला?"

भात केव्हाच कांडून व्हायचा, शब्द मात्र उरायचे. आठवड्याभरात महिन्याच्या तांदळाची पार कणी झाली आणि आम्ही तिन्ही त्रिकाळ पेज पिऊ लागलो.

परीक्षेत पत्र छान चाललं होतं. मग आला 'रिस्पॉन्सिबिलिटी'. मुसळाशिवाय तोंड उघडेना. शेवटी माझी मूठच साहेबांच्या टेबलावर पडू लागली. चौथ्या घावाला दौत उडाली, पाचव्याला त्यांच्या पांढऱ्या कोटावर आडवी झाली. सहावा मी तरीही घातला, कारण घरी विचारणा झाली असती.

साहेबांनी शांतपणे कोट पुसला. "हे इंग्रजी कुणी शिकवलं?"

"बायकोनं."

"त्यांना इंग्रजी येतं?"

"नाही साहेब. ती भात कांडते आणि घाव मोजते."

साहेब पोट धरून हसले. म्हणाले, "नेमणूक त्यांचीच करायला हवी. पण नियमात बसत नाही, तेव्हा तुम्हीच या."

यमुना आता नाही. फार आठवते. तिच्या जागेवर मी तीस वर्षं हंगामी कारकून होतो.