कायद्याने मला शाळा माफ केली

पोलिओने माझा डावा पाय अधू झाला तेव्हा मी इतकी लहान होते, की त्याचं दुःख मला आठवत नाही. मला आठवतो तो माझा तोरा. मागितलेली वस्तू हातात मिळायची आणि मी दिवसभर मागत असायचे.

साठच्या दशकाची सुरुवात होती. बाबा बंगळूरच्या एका सरकारी कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. मारतहळ्ळीच्या वाटेवर आमचे क्वार्टर्स आणि समोर नाचणीची शेतं. राज्यात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा नुकताच आला होता. बाबांनी मोठ्या उमेदीने मला सायकलवर बसवून शाळेत नेलं. हेडमास्तरांनी माझ्या बुटाच्या लोखंडी पट्ट्यांकडे पाहिलं आणि नम्रपणे म्हणाले, "सार, कायद्यात व्यंग असलेल्या मुलांना सूट आहे. हिला सक्ती नाही."

बाबा पडलेल्या चेहऱ्याने सायकल हातात धरून चालत परतले. मी मात्र सीटवरून राणीसारखी मिरवत आले. संध्याकाळी क्वार्टर्समधल्या पोरांना जमवून मी जाहीर केलं, "मला सरकारने शाळा माफ केलीय. कायमची!" एकाने तर पाय मोडून घेता येईल का, अशी चौकशी केली. आपल्यासाठी खास कायदा लिहिलाय, या विचाराने मी आठवडाभर फुलून गेले होते. तो मला आत घेण्यासाठी नसून बाहेर ठेवण्यासाठी वापरला जातोय, हे कळण्याइतकी बुद्धी मला नव्हती.

दुपारी सगळी पोरं शाळेत. मग मी आईच्या मागे लागायचे. ती पोळ्या लाटत असली की प्रश्न, झोपली की गाणी. शेवटी एके दिवशी तिने पदर खोचला आणि मला घेऊन तडक हेडमास्तरांसमोर उभी राहिली.

"सूट म्हणजे यायलाच पाहिजे असं नाही," आई आपल्या मोडक्या कन्नडमध्ये म्हणाली. "येऊ नये, असं कुठे लिहिलंय?"

हेडमास्तरांनी जिन्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "अम्मा, पहिलीचा वर्ग माडीवर आहे. पोर जिन्यावरून पडली तर?"

"मग खालच्या वर्गात बसवा."

"खाली तिसरी आहे."

"बसू दे तिसरीत. घरात नको!"

माझा शिक्षणाचा हक्क असा माझ्याच उपद्रवाने मिळाला. मी घरोघरी सांगितलं, की माझी हुशारी पाहून मला एकदम तिसरीत घेतलं. तिसरीत गुणाकार चालले होते आणि मला वीसच्या पुढे मोजता येत नव्हतं. ते झाकायला मी अखंड बोलायचे. तिसरीचे मास्तर दर पाच मिनिटांनी "स्वल्प गप्प बस!", म्हणजे जरा गप्प बस, म्हणत. दिवाळीआधीच त्यांनी हेडमास्तरांना बजावलं, एक तर ही मुलगी या वर्गात राहील, नाही तर मी.

दुसऱ्या दिवशी तिसरी माडीवर गेली आणि पहिली खाली आली. माझ्या एकटीसाठी अख्खी शाळा हलली, असं समजून मी दारात स्वागताला उभी राहिले.

सगळ्यांच्या शेवटी पहिलीच्या बाई आल्या. अंगाने स्थूल, गुडघे धरून एकेक पायरी उतरत. खालचा वर्ग मिळावा म्हणून त्या कितीतरी वर्षं विनवत होत्या आणि त्यांचं कुणी ऐकलं नव्हतं. त्या खुर्चीत टेकल्या, मला जवळ बोलावलं आणि डब्यातली सगळ्यात मोठी चकली माझ्या हातावर ठेवली.

"आता तरी गप्प बसशील?" त्यांनी विचारलं.

तोंड भरलेलं होतं, म्हणून मी नुसती मान हलवली.