नाल्याकाठची बघाबघी

दोन स्थळांसमोर ट्रे घेऊन बसून झाल्यावर माझ्या पुतणीने जाहीर केलं की तिसऱ्याला ती बसून भेटणार नाही. "चालत भेटीन," म्हणाली. ती सावंगीला हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे. लोकांना चालवणं हे तिचं रोजचंच काम. सेलूच्या पुढे टेकड्यांच्या पायथ्याशी एक नाला आहे. त्याच्या काठाने सागाच्या जंगलातून सपाट पायवाट जाते. वर्ध्याहून सकाळी निघावं आणि उन्हं उतरायच्या आत परत यावं, इतपतच प्रकार. मुलगा नागपूरला बँकेत. त्याच्याशी तिला निवांत बोलायचं होतं, कारण संध्याकाळपर्यंत हो की नाही सांगायचं होतं. मुलाकडच्यांनी दुसरं स्थळ थांबवून ठेवलं होतं. सोबत एक वडीलधारा असावा, एवढीच घरच्यांची अट. तो मी.

प्रत्यक्षात दोन गाड्या भरून माणसं आली. माझा थोरला भाऊ, म्हणजे मुलीचा बाप, स्वतःच्या शेतातली वांगी घेऊन आला. मुलाच्या आईने भिजवलेली कणीक आणि तुपाचा डबा आणला. गोवऱ्यांचं पोतं कोणी आणलं ते कोणीच कबूल करेना. हे असं कोणी ठरवत नाही. आमच्याकडे थंडीचे दिवस, नाला आणि चार माणसं एकत्र आली की निखाऱ्यावर कणकेचे रोडगे भाजले जातात.

मुलाचे काकाही आले होते. ते कुठल्याशा खात्यातून निवृत्त झाले होते. खात्याला ते कळलं होतं, त्यांना अजून कळायचं होतं. पायवाट सुरू होते तिथेच त्यांनी माझ्या भावाला शाल पांघरली, नारळ दिला आणि निसर्ग व विवाहसंस्था यांवर भाषण केलं. झाडावरची माकडं शेवटपर्यंत बसून होती. मग काका पुढे, त्यांच्या मागे मुलगा, मग मुलाची आई, आम्ही, आणि सगळ्यांत मागे पुतणी, अशी मिरवणूक निघाली. अर्धा तास त्या दोघांना एकमेकांची पाठसुद्धा नीट दिसली नाही.

"काका, मी कोणाशी लग्न करतेय, यांच्याशी का?" मुलाच्या काकांकडे बोट करत पुतणी माझ्या कानाशी म्हणाली.

सुटका फॉरेस्ट गार्डने केली. काकांनी कहूच्या झाडाखाली जागा पाहून गोवऱ्या रचायला लावल्या, तेवढ्यात तो सायकलवरून आला.

"जंगलात आग नाई जमत."

काकांनी आपलं पूर्वीचं पद सांगितलं. त्याने ते आदराने ऐकून घेतलं.

"हो साहेब. पण आग नाई जमत. बाहेर धुऱ्यावर करा, शेतवाला काही म्हणत नाई."

पोतं, टोपली, डबा, सगळं शेताच्या बांधाकडे परत फिरलं आणि त्यामागून सगळी माणसंही. निखारा किती पडू द्यायचा हे फक्त आपल्याला कळतं, असं आमच्याकडे प्रत्येकाला वाटतं. रोडगे दुसऱ्याच्या भरवशावर सोडून कोणी जंगल पाहत बसत नाही. मुलगा-मुलगी मागे राहिली हे कोणाच्या ध्यानातही आलं नाही.

ती दोघं नाल्याकाठाने पुढे चालली. मी अंतर ठेवून मागे, अधूनमधून नाव माहीत नसलेल्या पक्ष्यांकडे अभ्यासू चेहऱ्याने पाहत. हसण्याचे आवाज दोनदा आले. मला बरं वाटलं. वाट नाला ओलांडते तिथे मुलगा तिच्यासाठी पाण्यात दगड टाकू लागला. तिसरा दगड पडेपर्यंत ती चपला हातात घेऊन पलीकडे पोचली होती.

परतताना ती माझ्यासाठी थांबली. मुलगा पुढे गेला.

"माणूस चांगला आहे, काका."

"मग?"

"नोकरी सोडणार नाही म्हटलं. तर म्हणे, आईला चालणार नाही. तुम्हाला चालेल का, म्हटलं. तर म्हणे, आईचं पाहावं लागेल."

"म्हणजे नाही?"

"नाही. त्यांनाही सांगितलं. म्हणाले, घरच्यांना तुम्हीच सांगा."

जेवणं होऊ दे, मग सांग, असं मी सुचवलं. "त्यांचं तूप खाऊन मग नाही म्हणू?" ती म्हणाली.

धुऱ्यावर रोडगे निखाऱ्यातून निघत होते. काका बोलायला उभे राहत होते, त्यांच्या आधी हीच बोलली. स्थळ नको, आणि का नको, तेही. माझ्या भावाने वांग्याच्या भाजीत पाहिलं.

मुलाची आई रोडग्यावरची राख झटकत होती. ती थांबली.

"मले चालत नाई? मी कवा म्हटलं?"

"तुला आवडणार नाही असं वाटलं," मुलगा म्हणाला.

"मले विचारलं काऊन नाई? तुले काखेत घेऊन मी अंगणवाडीत नोकरी केली ना रे!"

"म्हणजे गैरसमज होता!" काका उजळले. "मग जमलंच म्हणायचं!"

"नाही जी," पुतणी म्हणाली, आणि मुलाच्या आईकडे वळली. "काकू, तुमच्यावर राग नाही. पण दर वेळी मी तुम्हाला येऊन विचारू का, की हे तुमचं म्हणणं आहे की यांचं?"

बाईने जरा विचार केला. "नको विचारू," म्हणाली. "बस, जेव. थंडे झाले तं कोणाच्याच कामाचे नाई." तिने रोडगा फोडून पुतणीच्या पत्रावळीवर ठेवला, त्यावर तूप ओतलं आणि ती पुरे म्हणेपर्यंत ओतत राहिली. मग माझ्या भावाला वाढलं, मला वाढलं, काकांना खाली बसवून वाढलं.

मुलगा शेवटी होता. त्याच्यासमोर तिने डबा धरला, पण वाकवला नाही.

"तुले तूप पाह्यजे का नाई, ते तू सांग."

तो आईच्या तोंडाकडे पाहत राहिला.