अकराशे टेबलं आणि एक स्क्रिप्ट

चाकणच्या एका कारखान्याचा जुना डेटाबेस नव्या यंत्रणेत हलवायचं काम आमच्या कंपनीला मिळालं होतं. कारखाना गाड्यांचे सुटे भाग बनवायचा. डेटाबेसमध्ये अकराशेच्या वर टेबलं होती: कच्चा माल कधी आला, कोणत्या शिफ्टला किती भाग निघाले, कोणता ट्रक कधी सुटला. ही माहिती हलवणारं जे सॉफ्टवेअर होतं, त्याला आधी प्रत्येक टेबलाची रचना सांगावी लागे. कॉलम किती, त्यांची नावं काय, कुठे आकडा, कुठे तारीख, कुठे मजकूर. रचना आत भरल्याशिवाय माहितीची एक ओळही हलत नसे.

भरायचं काम हाताने चाललं होतं. जोडणी निवडायची, टेबल शोधायचं, खूण करायची, मग पुढे, पुढे, संपलं. एका टेबलाला चार-पाच मिनिटं. तळवड्याच्या आयटी पार्कमध्ये आम्ही चौघं हेच करत होतो. आम्ही तिघं पुरुष कंपनीत कायम होतो. चौथी बाई कॉन्ट्रॅक्टवर होती, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी. तिचं कॉन्ट्रॅक्ट महिनाअखेर संपणार होतं. ते वाढवायचं की नाही, हे मॅनेजर कारखान्यातल्या पहिल्या डेमोनंतर ठरवणार होता. हे तिला माहीत होतं आणि आम्हालाही.

माझं तिच्याशी पटत नव्हतं. पहिल्याच आठवड्यात तिने कारखान्याच्या माणसांसमोर माझी चूक काढली होती. शिफ्ट रात्री बाराला बदलते असं धरून मी तक्ता केला होता. ती म्हणाली, "तिसरी शिफ्ट साडेअकराला लागते रे. पिंपरीत शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असतं." समोरची माणसं हसली. बाकी सगळे तिला ताई म्हणत. मी त्या दिवसापासून मॅडम म्हणू लागलो.

ती हळू काम करायची. रचना भरून झाली तरी टेबल उघडून शेवटच्या दहा ओळी बघायची. मॅनेजरने तिला दोनदा टोकलं होतं. "ताई, आपल्याला रचना हवीय. वाचन नकोय."

मी आठवडाभरात एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, लिहिली. डेटाबेस स्वतःतल्या सगळ्या टेबलांची यादी ठेवतो. ती उचलायची, पन्नास-पन्नासचे गठ्ठे करायचे आणि माऊसला हात न लावता सॉफ्टवेअरला भरवायचे. नको ती नावं यादीतून गाळायची होती. टेस्ट, टेम्प म्हणजे तात्पुरती, आणि बीकेपी म्हणजे बॅकअप, जपून ठेवलेल्या जुन्या प्रती. बीकेपी लावलेली शंभराच्या आसपास टेबलं होती. स्क्रिप्टच्या एका ओळीत ती गेली.

दुपारच्या जेवणानंतर मी स्क्रिप्ट तिच्याच शेजारच्या डेस्कपाशी बसून चालवली. तिथे बसायची गरज नव्हती. चाळीस मिनिटांत सगळं भरलं. तेवढ्या वेळात तिची आठ टेबलं झाली होती.

"झालं का, साहेब?" तिने विचारलं. एरवी ती मला अरे-तुरे करायची.

त्याच संध्याकाळी मॅनेजरने हाताचं काम थांबवलं. तिला त्याने बजावलं की स्क्रिप्टबद्दल काही असेल तर ते माझ्याशी बोलायचं, त्याच्याकडे आणायचं नाही.

दुसऱ्या दिवशी ती माझ्याशी बोलली. आम्ही तिघं गेटबाहेरच्या टपरीवर चहा पीत होतो. ती येऊन उभी राहिली.

"बीकेपीवाली गाळलीस?"

"बॅकअप आहेत ती, मॅडम."

"सगळी नाहीत. डिस्पॅचचं उघडून बघ, गाड्या सुटल्याची नोंद. शेवटची तारीख परवाची आहे."

"कोणीतरी रोज बॅकअप घेत असेल."

"अरे, मग मूळ टेबलात का नाही? तिथे कित्येक वर्षांत एक ओळ पडलेली नाही." तिने आवाज खाली आणला. "माझे वडील तीस वर्षं पिंपरीच्या एका कंपनीत होते. खंडेनवमीला सगळं बंद. पूजा बाकीचे करायचे, माझे वडील मशीन पुसायचे. आणि दसऱ्याला डिस्पॅचचं रजिस्टर नवं. पहिली गाडी नव्या रजिस्टरात चढवायची. या लोकांनी कॉम्प्युटरवरही तेच केलंय. दर दसऱ्याला नवी कॉपी आणि काम त्या कॉपीत."

"म्हणजे डेटाबेसलाही दसरा?" मी म्हणालो. "मग स्क्रिप्ट चालवताना नारळ फोडायला हवा होता."

"आणि पेढे ताईंकडून!" आमच्यातला एक म्हणाला. दुसऱ्याला चहा पिता पिता ठसका लागला.

"हसा रे, हसा," ती म्हणाली. "डेमोच्या दिवशी पण असंच हसा." तिने चहा घेतला नाही.

तपासायला दोन मिनिटं लागली असती. मी तपासलं नाही. तिचं खरं निघालं असतं तर यादी पुन्हा काढावी लागली असती आणि ती तिच्या सांगण्यावरून काढली असं झालं असतं.

डेमो पुढच्या आठवड्यात कारखान्याच्या मीटिंग रूममध्ये होता. मॅनेजरने सुरुवात केली. अकराशे टेबलं, चाळीस मिनिटं, हात न लावता. दोन-तीन अधिकाऱ्यांनी माना डोलावल्या. मग डिस्पॅचचे सुपरवायझर बोलले. ते जवळच्याच गावचे, पन्नाशीचे होते. कारखाना ज्या जमिनीवर उभा होता तिच्यातला काही भाग एकेकाळी त्यांच्या घरचा होता, असं ते ओळख करून देतानाच सांगत.

"ते ऱ्हाऊ द्या. काल सांजच्याला माजी गाडी गेली, ती दाखवा."

मी डिस्पॅचचं टेबल उघडलं, तारखेने लावलं. शेवटची ओळ बऱ्याच वर्षांपूर्वीची होती. मी पुन्हा लावलं. तीच ओळ आली.

"ही तर खंडेनवमीच्या आदल्या दिवसाची हाय," ते स्क्रीनजवळ येऊन म्हणाले. "त्या साली आमचा नवा शेड झाला. मंग त्यानंतर आमी काय झोपा काढल्या व्हय?"

मग त्यांनीच सांगितलं. डिस्पॅचचं रजिस्टर दसऱ्याला बदलायची तिथली जुनी रीत. कॉम्प्युटर आला तेव्हा त्यांच्या तेव्हाच्या साहेबांनी तीच रीत पुढे चालवली. खंडेनवमीला टेबलाची कॉपी काढायची, मोकळी करायची आणि दसऱ्याची पहिली गाडी तिच्यात चढवायची. "नाव बीकेपी का ठिवलं, ते त्यांनाच ठावं. ते रिटायर झाले. तुमच्यात कुनी इचारलं न्हाई?"

मॅनेजर आमच्याकडे वळला. "हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं?"

"मी सांगितलं होतं," ती म्हणाली. ती टेबलाच्या टोकाला बसली होती. "टपरीवर. या तिघांसमोर."

मॅनेजरने माझ्याकडे पाहिलं. हो म्हटलं असतं तर तिचं कॉन्ट्रॅक्ट वाढलं असतं. हे मला तेव्हाही कळत होतं.

"बीकेपीबद्दल काहीतरी बोलणं झालं होतं," मी म्हणालो. "पण डिस्पॅच असं नेमकं काही आलं नव्हतं."

"नारळाचंही काही आलं नव्हतं का, साहेब?"

"मला आठवत नाही."

तिने बाकीच्या दोघांकडे पाहिलं. दोघांनी लॅपटॉपमध्ये डोकं घातलं.

"भांडनं तुमच्या हापिसात करा, राव," सुपरवायझर म्हणाले. "माजी गाडी कुटं हाय?"

परतताना ती बाकीच्या दोघांबरोबर दुसऱ्या गाडीत होती. मॅनेजर माझ्याशी बोलत होता. "तिला माहीत होतं आणि तिने लेखी दिलं नाही. असं माणूस ठेवून काय करायचं?" टपरीवर झालेलं बोलणं मी तेव्हाही सांगू शकलो असतो. मी म्हणालो, "हो ना." तळवड्याच्या चौकात ट्रक आडवा लागला होता. गाडी वीस मिनिटं हलली नाही. त्या वीस मिनिटांत मी फोनवर मेल बघत बसलो.

कॉन्ट्रॅक्ट वाढलं नाही. शेवटच्या दिवशी तिने ओळखपत्र आणि लॅपटॉप जमा केला. बाकीच्या दोघांनी तिच्यासाठी केक मागवला होता. तिने तो कापला नाही. जाताना ती माझ्यापाशी थांबली.

"पुढच्या ठिकाणी विचारतील, कॉन्ट्रॅक्ट का वाढलं नाही. मी खरं सांगेन. त्यांना वाटेल, बाई भांडकुदळ आहे."

"मॅडम, माझा तसा काही हेतू..."

"मॅडम नको म्हणूस. माझं नाव माहीत आहे तुला."

मी नाव घेतलं नाही. ती लिफ्टकडे गेली.

नियमाप्रमाणे तिच्या लॅपटॉपवरचं सगळं त्याच दिवशी पुसलं गेलं. बीकेपीतली खरी कामाची टेबलं कोणती, हे तिने टिपून ठेवलं असणार, पण ते कोणी मागितलं नव्हतं आणि आता मागायची सोय नव्हती. मॅनेजरने ते काम मला दिलं. मी बीकेपीची टेबलं एक-एक करून उघडली आणि शेवटच्या दहा ओळी पाहिल्या. चार दिवस लागले. एकतीस टेबलं बॅकअप नव्हतीच, कामाची निघाली. काही डिस्पॅचची, काही टूलरूमची. ती मी स्क्रिप्टच्या यादीत घातली. पुढच्या डेमोला सुपरवायझरना त्यांची गाडी दिसली.

कारखान्याला द्यायच्या अहवालात दुरुस्तीचा तक्ता होता. त्यात एक रकाना होता: चूक कोणी निदर्शनास आणली. मी तिथे 'डिस्पॅच विभाग, चाकण' असं लिहिलं. मॅनेजरने तक्ता वाचला आणि सही केली.