पूर्वीचा आजार: आहे / नाही

विमा एजंट म्हणून दहा-बारा वर्षं काढली की किस्से साचतातच. पण माझे निम्मे किस्से एकाच रकान्याचे आहेत. मेडिक्लेमच्या फॉर्मवर तो असायचा: 'पूर्वीपासून काही आजार आहे काय?' आहे किंवा नाही, एवढंच लिहायचं. गेवराईत तेव्हा नवे नवे एसटीडी बूथ निघाले होते, गच्च्यांवर केबलच्या छत्र्या आल्या होत्या, आणि मी स्टँडसमोरच्या हॉटेलात फॉर्म घेऊन बसायचो. लोक भजी खायला यायचे आणि दुखणी सांगून जायचे!

*

चकलांब्याच्या एका आजीला मी तो प्रश्न विचारला. तिनं गुडघ्यापासून सुरुवात केली. मग दमा, मोतीबिंदू, नवऱ्याचा बीपी, आणि वारलेल्या सासूचा खोकलासुद्धा! आमच्याकडे फॉर्म म्हणजे सरकारी मदतीचा. जितकं हलाखीचं लिहावं तितकं पदरात पडतं, ही सवय.

मी समजावलं की आजी, कंपनी धडधाकट माणसालाच घेते.

"धडधाकट मानसाला दवाखान्याचं काहून देता मग?" तिनं विचारलं.

मी चहा मागवला.

*

नेकनूरच्या एका गुरुजींना शुगर होती. कंपनीच्या डॉक्टरकडे तपासणीला त्यांनी स्वतःच्या नावावर धाकट्या भावाला पाठवलं. भाऊ तालमीतला गडी, पोत्यावर पोतं उचलणारा.

रिपोर्ट आला. भावाची शुगर गुरुजींच्या दुप्पट!

दोघं भाऊ माझ्यासमोर तो कागद धरून बसले होते. गुरुजी एवढंच म्हणाले, "फॉर्म फाडा." आणि भावाचा हात धरून दवाखान्याच्या रस्त्याला लागले.

तेव्हापासून मी प्रत्येकाला एकच ऐकवायचो: लपवू नका, लपवलं की ऐन गरजेला क्लेम नामंजूर होतो. माझ्या बायकोलाही ते पाठ झालं होतं.

*

हेच मी विश्वनाथअप्पालाही ऐकवलं. अप्पाचं भांड्यांचं दुकान, माझी जुनी दोस्ती. त्याची एकुलती मुलगी गिरिजा. लहानपणी सांधे धरणारा ताप आला आणि तिच्या हृदयाची झडप खराब झाली. दोन-चार वर्षांत ऑपरेशन करावंच लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. दुकान विकूनही ते झेपलं नसतं.

आम्ही तिच्यासमोर बसून 'आहे' लिहिलं. तीन कंपन्यांनी फॉर्म परत पाठवला. चौथीनं पॉलिसी दिली, पण वर शिक्का मारून: हृदय व हृदयाशी संबंधित सर्व आजार वगळून.

अप्पानं चष्मा लावून ते दोनदा वाचलं.

"बाकीचं तर आमचं आमी बी बघितलं असतं," तो म्हणाला.

*

त्याचं तोंड बघवेना म्हणून मी बोलून गेलो, की मोठ्या कारखान्यांत कामगारांची ग्रुप पॉलिसी असते, त्यात बायकोपण येते आणि जुनं दुखणं कुणी विचारत नाही. बोललो आणि जीभ चावली. अप्पा जावई शोधायला लागला होता!

लोक मुलाची शेती विचारतात, व्यसन विचारतात. हा मध्यस्थाला म्हणायचा, "पगार ऱ्हाऊ द्या. बायकोचा दवाखाना कंपनी करती का, त्ये इचारा." मध्यस्थ चक्रावून जायचे. पण सहा महिन्यांत अप्पानं औरंगाबादच्या कारखान्यातला एक मुलगा शोधून काढला. मुलगा भला होता, आणि ग्रुप पॉलिसी होती.

*

बघण्याच्या कार्यक्रमाला अप्पानं मलाही बोलावलं. झडपेचं काढायचं नाही, असं घरात ठरलेलं. मुलीचं दुखणं लग्नाआधी चव्हाट्यावर आणायचं नाही, ही आमच्याकडची रीतच. मला ते माहीत होतं. मी पोह्यांच्या बशीत बघत बसलो.

गिरिजा पाटावर बसली. नाव झालं, शिक्षण झालं. मग मुलाच्या मामांनी रीतीप्रमाणे म्हटलं, "तुला काही विचारायचंय का बाळ?"

तिनं विचारलं काहीच नाही. सांगितलं. झडप, गोळ्या, ऑपरेशन, सगळं. पाठ केलेल्या धड्यासारखं, एकही चूक न करता.

पाहुण्यांनी चहा अर्धा ठेवला. कळवतो म्हणाले. जीप गेली. अप्पा आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडला.

मी तिला विचारलं, पोरी, कशाला सांगितलंस?

"लपवलं तर ऐन गरजेला नामंजूर व्हतं. तुमीच म्हनता की काका."

मला माझीच लाज वाटली. ती मात्र खाली वाकून बशा गोळा करत होती.

"तुमची कंपनी लई बरी म्हनायची, काका," ती म्हणाली. "तिनं काळीज सोडून बाकीची मी घेतली व्हती. ह्येंनी समदीच सोडली."