मे महिन्यातला मेल

मुलुंडच्या एका कॉलेजात सुलक्षणा राणे हिने पंधरा वर्षं परीक्षा विभागात काढली. मग कॉलेजला परदेशाचे वेध लागले. प्राचार्य देवव्रत सरांनी कॅनडातल्या एका कॉलेजशी करार केला, परदेशी प्रवेशांसाठी नवी केबिन थाटली आणि बोलायला गोड म्हणून सुलक्षणाला तिथे बसवलं. पालक तिच्यावर विश्वास टाकायचे. आपल्यातलीच बाई, खोटं कशाला बोलेल?

ती राहायची त्या इमारतीत, तिच्याच मजल्यावर सुनंदा सावंत आणि तिची मुलगी अक्षता राहायच्या. अक्षताचे वडील गेल्यापासून सुलक्षणाच त्यांचा आधार. दवाखाना असो, बँक असो, हीच सोबत जायची. त्यामुळे अक्षताचा कॅनडाचा फॉर्मही तिनेच भरला.

मे महिन्यात कॅनडाहून मेल आला. तिथल्या कॉलेजने खाजगी भागीदाराकडे चालवायला दिलेल्या कॅम्पसवर आता प्रवेश घेणाऱ्यांना शिक्षणानंतर वर्क परमिट मिळणार नव्हतं. आणि इथली सगळी मुलं तर त्याच कॅम्पसवर जाणार होती. सुलक्षणा मेल घेऊन तडक सरांकडे गेली.

"वेबसाइटवर आहे ना हे?" सर म्हणाले. "मग झालं. विचारलं तर सांगा. उगाच पोरांना घाबरवू नका. यंदा बावीस सीट भरायच्यात."

आणि अक्षताने नेमकं विचारलं. जिन्यात, हातात पासपोर्ट घेऊन. "मावशी, कोर्सनंतर तिथे काम करता येईल ना गं?"

सुलक्षणाच्या तोंडाशी आलं होतं. पण मागे सुनंदा उभी होती, डोळ्यांत कौतुक मावत नव्हतं. "येईल गं," सुलक्षणा म्हणाली. "नियम काय, बदलत राहतात."

कोर्स संपला, वर्क परमिट मिळालं नाही, आणि दीड वर्षाने अक्षता परत आली. आता ती घाटकोपरला एका क्लासमध्ये शिकवते. सुनंदाने सुलक्षणाचा हात हातात घेतला. "तुझा काय दोष? तिथल्या सरकारनं नियम बदलले, त्याला तू काय करणार?" त्या दिवसापासून काहीतरी कारण काढून सुलक्षणा सुनंदाकडे जायचंच टाळू लागली.

तेवढ्यात सरांनी नवा बेत काढला. व्हिसा कडक झालेत, तर परदेशी विद्यापीठालाच इथे आणायचं. कॉलेजचे दोन मजले परदेशी कोर्सला द्यायचे. "पोस्टरवर आपली परदेशी शिकून आलेली मुलगी हवी. तुमच्या शेजारची ती अक्षता. तुमचा शब्द मोडणार नाही ती."

संध्याकाळी सुलक्षणा सुनंदाकडे गेली. सुनंदा देवळात गेली होती, अक्षता पेपर तपासत होती. पोस्टरचं सुलक्षणाच्या तोंडून निघेचना. "मला माहीत होतं गं," ती एकदम म्हणाली. "तू विचारलंस तेव्हा मेल येऊन आठ दिवस झाले होते."

अक्षताने पेन खाली ठेवलं. "मलाही माहीत आहे. तिथे पहिल्याच आठवड्यात कळलं. नियमाची तारीख वाचली मी, तुला विचारलं त्याच्या आधीची."

"मग बोलली का नाहीस? शिव्या तरी घालायच्यास!"

"आई इथे एकटी होती. तिचं बीपी वाढलं तर धावत कोण येणार होतं? तूच ना?" तिचा आवाज चिरका झाला. "तुझ्याशी भांडायचीसुद्धा सोय ठेवली नव्हतीस, मावशी."

अक्षताने पेपर आवरले. मग म्हणाली, "आईला तू सांग. मी नाही सांगणार."

सुनंदा आली. सुलक्षणाने सगळं सांगितलं, सरांच्या आड लपली नाही. सुनंदाने ऐकलं, प्रसादाची पुडी ओट्यावर ठेवली आणि आत जाऊन बेडरूमचं दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सुलक्षणाने सरांना पोस्टरला नकार दिला. वर म्हणाली, "इथून पुढे प्रत्येक पालकाला नियम लेखी द्यायचा. मी देणार." सरांनी आठवड्याभरात तिला परत परीक्षा विभागात पाठवलं. नव्या कोर्सचं पोस्टर लागलं, त्यावर कुणा मॉडेलचा फोटो आहे. पण पालकांना नियमांचा कागद मात्र मिळतो, कारण त्या आठवड्यातच सुलक्षणाने तो माहितीपत्रकात छापून घेतला होता.

अक्षता जिन्यात भेटली की दोन शब्द बोलते. सुनंदाही चार महिन्यांनी बोलू लागली. पाणी आलं का, लिफ्ट दुरुस्त झाली का, एवढंच. परवा तिला चक्कर आली, तेव्हा तिने वरच्या मजल्यावरच्या माणिकला हाक मारली. सुलक्षणा आपल्या दारात चपला घालून तयार उभी होती. तिला कुणी बोलावलं नाही.