बांधलेलं बटण

विमलताईंचं एक वाक्य मी कापलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण दुसऱ्यांविषयी चांगलं लिहिता लिहिता स्वतःला लपवायची मला सवय आहे.

आमच्या विद्यापीठात सामाजिक नवोपक्रमाची फेलोशिप चालते. निवडलेली मुलं वर्षभर एखादा प्रश्न हाती घेतात, त्यावर उपाय बनवतात आणि शेवटी देणगीदार उद्योजकांसमोर मांडतात. मी तिचा समन्वयक. ऋतुजा आणि तिच्या दोन सोबत्यांना मी चाकणच्या एका छोट्या कारखान्यात पाठवलं. तिथे पत्रा दाबून आकार देणाऱ्या पॉवर प्रेसवर विमलताई होत्या. लातूरकडच्या, पंचेचाळिशीच्या, उजव्या हाताची दोन बोटं त्याच प्रेसखाली गेलेली. नवी बाई कामावर आली की त्या आधी तिच्या बांगड्या उतरवायला लावत आणि मग स्वतःचा हात तिच्या तोंडासमोर धरत. "हे रोज बघत जा. देवाचा फोटू नंतर."

जुन्या स्पीकरचं लोहचुंबक त्यांनी लोखंडी कांबीला बांधलं होतं. त्या दांडीने त्या डायवरचा, म्हणजे प्रेसच्या साच्यावरचा, पत्रा उचलत, हात आत जात नसे. मुलं हरखली. वर्षभर शोधूनही सापडला नसता असा उपाय आयताच मिळाला होता.

एका गुरुवारी, कारखान्याच्या सुट्टीला, ताई आमच्याकडे आल्या. भिंतभर चिकटवलेल्या रंगीत चिठ्ठ्या बघून म्हणाल्या, "सर, हे काय वाळत घातलंय?" आम्ही हसलो. त्या हसल्या नाहीत. दांडीला कुठल्या रंगाची मूठ लावायची यावर मुलांची चर्चा चालली होती, ती त्यांनी थोडा वेळ ऐकून घेतली.

"दांडी मी का केली ते कुनी इचारंना," त्या म्हणाल्या. "बटन बांधलेलं हाय म्हनून केली."

प्रेसला एकमेकांपासून लांब अशी दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी दोन्ही दाबली तरच ती खाली येते, म्हणजे हात आपोआप बाहेर राहतात. पण काम भरभर व्हावं म्हणून त्यांच्या सुपरवायझरने एक बटण चिकटपट्टीने कायमचं दाबून ठेवलं होतं. ताईंचं मागणं एवढंच होतं, "तुमच्या कार्यक्रमाला मालक लोकं येतेत ना? त्यांच्या म्होरं सांगा, बटनं सोडा म्हनावं."

ऋतुजाने ते वाक्य सादरीकरणाच्या शेवटी घातलं. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी मी ते काढलं. प्रमुख पाहुणे त्याच कारखान्याचे मालक होते आणि पुढच्या वर्षीची देणगी अजून ठरायची होती. मुलांना सांगितलं, वेळ कमी आहे, उपायावर भर द्या.

टाळ्या पडल्या. पाहुण्यांनी ताईंना मंचावर बोलावलं, त्यांचा तुटका हात हातात धरून फोटो काढला. तो फोटो आम्ही माहितीपत्रकावर छापला. आजही तो दिसला की तळपायाची आग मस्तकात जाते, आणि त्या फोटोत कडेला हसत उभा असलेला माणूस मी आहे.

खाली उतरल्यावर ताईंनी विचारलं, "सर, बटनाचं ऱ्हायलं का?"

"मुलं गडबडीत विसरली," मी म्हणालो.

ताई ऋतुजाकडे वळल्या. "एवढी शिकलेली तू, आन एवढं एक ध्यानात ऱ्हाईना तुझ्या?" ऋतुजाने माझ्याकडे पाहिलं. मी हातातल्या चहाकडे पाहिलं. ती खाली मान घालून उभी राहिली.

विद्यापीठाचं बोधचिन्ह असलेल्या दांड्या कारखान्यात वाटल्या गेल्या. सुपरवायझरने मग उरलेल्या प्रेसचीही बटणं बांधली. आता साधन दिलंय ना, म्हणाला. दोन महिन्यांत एका नव्या मुलीचं बोट गेलं. ताईंनी मला पिंपरीच्या दवाखान्यात बोलावून घेतलं.

"तुमची दांडी तिच्या दुसऱ्या हातात व्हती, त्याच हातानं बटन दाबलं गेलं," त्या म्हणाल्या.

तिथल्या बाकड्यावर मी खरं सांगितलं. मुलं विसरली नव्हती, मी कापलं होतं. मला वाटलं होतं, त्या ओरडतील. त्या शांतपणे म्हणाल्या,

"मला हितं सांगून तुमचं वझं हलकं व्हईल. बटन सुटनार न्हाई. आन त्या पोरीला मी चारचौघांत बोलले, ते कोन माघारी घेनार? जिथं कापलं तिथंच सांगा."

यंदाच्या फेलोशिपच्या उद्घाटनाला मी ताईंना आणि ऋतुजाला बोलावलं. पहिल्या रांगेत तेच पाहुणे होते. लिहून आणलेलं स्वागताचं भाषण मी बाजूला ठेवलं. माईक जवळ ओढला.

"गेल्या वर्षी याच मंचावर एक वाक्य बोललं जाणार होतं. प्रेसची बांधलेली बटणं सोडा. समोर बसलेल्या मालकांना राग येईल म्हणून ते मी कापलं, आणि दोष ऋतुजावर ढकलला. त्यानंतर एका मुलीचं बोट गेलं. विमलताई, ऋतुजा, मी खोटं बोललो. मला माफ करा. आणि साहेब, बटणं अजून बांधलेलीच आहेत."