डिटेक्टरचा ताप

मे महिन्यात सूर्यसुद्धा सावली शोधत आमच्या नंदुरबारच्या कॉलेजच्या व्हरांड्यात येतो. खोटं वाटत असेल तर येऊन बघा. त्याच महिन्यात मी किरणोत्सारी सोडियमचा वर्णपट मोजत होतो. ताऱ्यांच्या स्फोटात तयार होतं, तेच हे सोडियम. पण उष्म्याने डिटेक्टरचं भान सुटायचं. आलेखातलं शिखर सकाळी एका जागी, दुपारी भलतीकडेच! तीन आठवड्यांचं काम मातीत जाणार म्हणून मला घास गोड लागेना.

शेवटी माय स्वतः प्रयोगशाळेत आली. तिने डिटेक्टरच्या शिशाच्या पेटीवर तळवा ठेवला.

“आरे, तुन्हं यंतर तापी ऱ्हायनं, आन तू कागद देखी ऱ्हायना?”

ती पाणी मागू लागली तसा मी ओरडलो, “माय, आत करंट शे!”

“बाहेरथून लावसू. माठले लावतस ना, तसं.”

तिने पेटीभोवती ओलं गोणपाट गुंडाळलं आणि संध्याकाळपर्यंत पदराने वारा घालत बसली. त्या दुपारी एक वेळ अख्खा सातपुडा सरकला असता, पण माझं शिखर सरकलं नाही. मी तिला ते पडद्यावर दाखवलं. तिने आधी शिखरावरून, मग माझ्यावरून हात ओवाळले आणि कानशिलावर कडाकडा बोटं मोडली.